इंजिनाची ओढ गेली? उतरवण्याआधी पिन बघा
(ओबीएम, म्हणजे बोटीच्या मागं लावायचं इंजिन, वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

"मशीन आवाज करतंय भरपूर, पण बोट पळत नाही." वर्कशॉपमध्ये सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच. मशीन बोटीवरनं उतरवून, टेम्पोत गादीवर आडवं घालून बेळगावला उद्यमबागेत आमच्याकडे आणलेलं असतं. आम्ही ते पाण्याच्या टाकीत चालवतो, प्लग बघतो, कॉम्प्रेशन बघतो. सगळं ठीक. दोष मशीनमध्ये नव्हताच. ते बोटीला ज्या कोनात लावलं होतं त्यात होता, आणि तो कोन मशीन उतरवताना तुम्ही मोडून आलात. आता टाकीत आम्हाला काय दिसणार?

मशीनचा पाय, म्हणजे पंखा असलेला पाण्यातला खालचा भाग, बोटीच्या मागच्या फळीकडे ओढला की बोटीचं तोंड खाली जातं, फळीपासून लांब सारला की वर येतं. ट्रिम म्हणजे एवढंच. लहान मशीनला हा कोन ब्रॅकेटच्या भोकांत घातलेली आडवी पिन ठरवते, मोठ्याला बटण दाबून हायड्रॉलिकवर बदलतो.

घोळ होतो तो पिनेचा. तोंड वर करून चाललेली बोट झोकात दिसते, म्हणून पोरं पिन शेवटच्या, म्हणजे सगळ्यात बाहेरच्या भोकात घालतात. मग बोट मागं बसते, पाण्यावर उचलतच नाही. वळण घेताना पंखा हवा ओढतो, आरपीएम एकदम चढतो आणि बोट जागच्या जागी. लोक म्हणतात, क्लच घसरतोय. पिन एक भोक आत, म्हणजे फळीकडे, घ्या आणि मग बघा.

"आमच्या बोटीला कुठलं भोक?" हे फोनवर सांगता येत नाही. फळीचा उतार आणि माणसं कुठं बसतात यावर ते ठरतं. नेहमीची माणसं, नेहमीचं पेट्रोल घेऊन शांत पाण्यात फुल थ्रॉटल द्या. पंख्याच्या वर जी आडवी प्लेट असते ती पाण्याच्या पातळीला समांतर राहिली पाहिजे. तोंड वर राहून समोरचं दिसेना, तर एक भोक आत. तोंड पाणी नांगरत चाललंय, फवारा पुढनंच उडतोय, हँडल जड झालंय, तर एक भोक बाहेर. पिन बदलताना मशीन बंद, पाय वर उचलून लॉक केलेला, आणि एका वेळी एकच भोक. पुढं बसणारी माणसं वाढली की ही चाचणी पुन्हा करावी लागते.

पॉवर ट्रिमवाल्यांनी निघताना पाय पूर्ण आत ठेवावा. बोट पाण्यावर उचलली की बटण थोडं थोडं बाहेर दाबत जावं. वेग वाढतो, हँडल हलकं होतं. तोंड वरखाली आपटायला लागलं की जरासं परत आत. तीच तुमची जागा. जोरात वळायच्या आधी आणि समोरनं लाट येत असली तरी आतच घ्यावं. हिडकल धरणावर दुपारचा वारा सुटल्यावर बोट आपटते म्हणणारे बहुतेक जण हे करत नाहीत.

कृष्णाकाठच्या, कुडची-उगारकडच्या मंडळींसाठी थोडं वेगळं. पुरात बोट उसाच्या फडावरनं न्यावी लागते, तेव्हा पाय उथळ पाण्याच्या खुणेवर उचलणं बरोबरच आहे. पण त्या स्थितीत फक्त सावकाश चालवायचं, रिव्हर्सला जोर द्यायचा नाही, आणि मशीनच्या मागच्या बारीक भोकातनं पाण्याची धार पडतेय का यावर नजर ठेवायची. धार थांबली म्हणजे थंड करणारं पाणी वर येत नाही. तसंच चालवलं तर इम्पेलर, म्हणजे ते पाणी वर ओढणारा रबरी पंखा, जळतो, पाठोपाठ मशीन तापतं. फड ओलांडून पात्रात आलात की पाय लगेच खाली सोडा. घाईत नेमकं हेच राहून जातं, आणि हे बिल पिनेसारखं फुकटात सुटत नाही.

एक खरा बिघाडही असाच आवाज करतो. पंख्याच्या आतलं रबर सुटलं की दांडा फिरतो, पंखा मागं राहतो. पंख्याच्या मागच्या बाजूनं, आतल्या बुशीवरनं बाहेरच्या अंगापर्यंत रंगाची एक सरळ रेघ मारा आणि बोट जोरात चालवून या. रेघ तुटून सरकलेली दिसली तर फक्त पंखा काढून आणा, मशीन नको. रबर आम्ही बदलून देतो.

काही ग्राहक विचारतात, एक पिन बदलायला धरणावर येण्याचे पैसे कशाला? मेकॅनिकचा दिवस जातो म्हणून. शिवाय ट्रिम पाण्यावर, माणसं बसवूनच जुळतो. वर्कशॉपमध्ये बसून जुळवून देतो म्हणणाऱ्याचं आम्हाला नवल वाटतं. आमच्याकडनं घेतलेल्या नव्या मशीनच्या फिटिंगमध्ये पाण्यावरची ही चाचणी धरलेलीच असते. बाकीच्यांनी आधी दोन गोष्टी व्हॉट्सॲपवर पाठवाव्यात: ब्रॅकेटचा बाजूनं फोटो, त्यात पिन दिसली पाहिजे, आणि फुल थ्रॉटलला धावणाऱ्या बोटीचा काठावरनं काढलेला व्हिडिओ. त्यावर बोलायचे आम्ही पैसे घेत नाही. नंबर बिलावर आहे.

या पत्रकाची कन्नड प्रत काउंटरवर ठेवली आहे. बोट चालवणारा पोरगा वेगळा असेल तर त्याच्यासाठी न्या. पिन बदलणारा तोच असतो.