स्विफ्ट कोड

परदेशी पैसे पाठवताना बँकेची ओळख पटवणारा ८ किंवा ११ वर्णांचा संकेतांक. औपचारिक नाव बिझनेस आयडेंटिफायर कोड किंवा बिक. मानक आयएसओ ९३६२. तो देण्याचे काम स्विफ्ट ही सहकारी संस्था करते, म्हणून बोलण्यात स्विफ्ट कोडच रूढ झाला. १५ देशांतील २३९ बँकांनी ही संस्था १९७३ मध्ये बेल्जियममध्ये स्थापली. संदेशसेवा १९७७ मध्ये सुरू झाली. त्याआधी हे काम टेलेक्सवर चाले.

स्टेट बँकेचा कोड ‘एसबीआयएन-आयएन-बीबी’. पहिली चार अक्षरे बँकेची, पुढची दोन देशाची, नंतरची दोन स्थळाची. शेवटी आणखी तीन वर्ण असले तर ते शाखेचे. तिथे ‘एक्सएक्सएक्स’ असेल तर मुख्य कार्यालय समजावे.

आपल्याकडे खरा घोळ होतो तो आयएफएससीशी. तोही ११ वर्णांचा, आणि पहिली चार अक्षरे बहुधा तीच. पाचवी जागा पाहावी: आयएफएससीत तिथे शून्य असते, स्विफ्ट कोडात देशाच्या ‘आयएन’चा आय. आयएफएससी एनईएफटी, आरटीजीएससारख्या देशांतर्गत व्यवहारांसाठी आहे. चेकबुकावर तोच छापलेला असतो, म्हणून परदेशातल्या मुलाला घाईने तोच कळवला जातो. युरोपातील किंवा आखातातील फॉर्मवर आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय बँक खाते क्रमांक, मागितला तरी भारतीय खात्याला आयबॅन नसतो. आपला नेहमीचा खाते क्रमांकच द्यावा.

तालुक्याच्या शाखेला स्वतःचा स्विफ्ट कोड नसणे अगदी सामान्य आहे. परकीय चलनाचे काम पाहणाऱ्या शाखेचा कोड वापरतात आणि रक्कम तिथून खात्यात येते. काही सहकारी बँकांची परदेशी रक्कम दुसऱ्या बँकेमार्फत येते. अशा वेळी इंटरनेटवर सापडलेल्या कोडावर विसंबू नये. मधल्या बँकेच्या नावासह पूर्ण तपशील शाखेतून लेखी घ्यावा.

स्विफ्टवरून पैसा जात नाही, जातो तो संदेश. दोन बँकांची एकमेकींकडे खाती नसतील तर दोघींचे खाते असलेली तिसरी बँक मध्ये येते आणि जमा-नावे तिच्या वहीत होते. ती आपले शुल्क कापू शकते. पाठवलेल्या हजार डॉलरचे पूर्ण हजार हाती न येण्याचे हे नेहमीचे कारण. पाठवणाऱ्याने ‘अवर’ हा पर्याय निवडला तर सगळे शुल्क त्याच्याकडे जाते, ‘शा’ निवडला तर वाटून, ‘बेन’ निवडला तर घेणाऱ्याकडे.

रक्कम अडकलीच तर पाठवणाऱ्याकडून यूईटीआर, म्हणजे त्या व्यवहाराची ओळख पटवणारा ३६ वर्णांचा क्रमांक, मागून घ्यावा. ती कोणत्या बँकेत थांबली आहे, हे त्यावरून शोधता येते.