एकच व्हीलसेट, सगळे रस्ते: हुकवाली रिम की हुकलेस, या वादाची पार्श्वभूमी

एकच व्हीलसेट (चाकांची जोडी) घ्यायचा, त्यावर एरवी 28 मिमीचा टायर, ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला, 32 आणि पाऊस सरला की मातीच्या वाटांसाठी 40, असं ठरवून रिम बघायला गेलं की हल्ली वजन आणि स्पोकच्या आधी हुक (टायरची कड अडकवणारा रिमच्या आतला ओठ) आहे की हुकलेस, म्हणजे त्या ओठाशिवाय, हाच प्रश्न समोर येतो. हुकलेस म्हणजे एकदम नवीन टेक्नॉलॉजी असं जे सांगतात ते अर्धंच खरं आहे.

आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलची 635 मिमीची स्टीलची रिम बघा. तिच्या कडा बाहेरून वळवलेल्या असतात, आत हुक नाही. टायरच्या कडेत पोलादी तार, ती ताणली जात नाही आणि हवाही कमी, त्यामुळे टायर जागेवर राहायचा. रोडच्या, म्हणजे डांबरी रस्त्यावरच्या वेगवान सायकलींना हुक रुळला तो 1970 च्या दशकात. रेसिंगवाल्यांना चिकटवायच्या ट्यूब्युलर टायरऐवजी साधा टायर हवा होता पण हवा 100 पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) वर, पुढे कडेत तारेऐवजी केव्हलारचा धागा असलेले, घडी घालता येणारे टायरही आले, मग रिमच्या भिंतीला आतून साधारण मिलिमीटरभराचा ओठ ठेवायला लागले. टायर काढून भिंतीच्या आतून बोट फिरवलं की तो लगेच लागतो. हवेच्या जोराने टायरची कड त्याच्याखाली अडकते, बस एवढंच त्याचं काम.

त्यानंतर बराच काळ रोडची रिम आतून 13 ते 15 मिमी आणि टायर 23 हेच चालत राहिलं. 1999 मध्ये माउंटन बाइकला ट्यूबलेस आलं, 2006 मध्ये रोडला. खराब रस्त्यावर रुंद टायर आणि कमी हवा जास्त वेगवान पडते हे लोकांना पटत गेलं, आणि डिस्क ब्रेक आल्यावर तर (प्रो रेसमध्ये 2018 पासून पूर्ण परवानगी) ब्रेकच्या चिमट्यात टायर मावायचा प्रश्नच संपला. रिमची आतली रुंदी 17, 19, 21 करत 25 वर गेली. कार्बनच्या रिमला साच्यात हुक घडवणं कटकटीचं, हुक नसला की भिंत सरळ आणि जाड, खडीवर आपटली तरी टिकते, बनवायलाही स्वस्त. माउंटन आणि ग्रॅव्हलला (कच्च्या रस्त्यांच्या सायकलला) हे अगदी बरोबर आहे, तिथे हवा असतेच 25-40 पीएसआय.

घोळ झाला तो हीच रिम रोडला आणल्यावर. हुकलेसला हवेची कमाल मर्यादा 5 बार, म्हणजे 72.5 पीएसआय, आणि 25 मिमीच्या रिमवर किमान टायर 28 की 29 यावर मापं ठरवणाऱ्यांचंच एकमत नव्हतं. फेब्रुवारी 2024 मध्ये यूएई टूर या शर्यतीत एका अनुभवी रायडरचा टायर रिमवरून निघाला आणि तो जोरात पडला. रिम 25 ची हुकलेस, टायर 28 चा. कंपन्यांनी जोडी नियमात बसते म्हणून सांगितलं, रायडरच्या संघटनेला ते पटलं नाही. एका मिलिमीटरवर सुरक्षितता अवलंबून असेल तर ती जोडी रोज वापरणाऱ्या माणसासाठी नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे उन्हाचाही हिशोब आहे. पहाटे 25 अंशाला 70 पीएसआय भरून निघालात आणि दुपारी सोलापूरच्या बाजूला सायकल उन्हात उभी राहून टायरमधली हवा 50 अंशाला गेली तर दाब 77 च्या आसपास जातो. मर्यादा ठरवताना वर थोडं अंतर ठेवलेलं असतं, पण पंपाचा काटाही दोन-चार पीएसआय चुकतोच, आणि वजनदार रायडर, मागे बॅग, टायर 28 असं असेल तर 70 भरायची वेळ येते. 32 च्या वर गेलात की हा प्रश्न जवळजवळ उरत नाही. ट्यूब टाकून चालवलं तरी हुकलेसला टायर ट्यूबलेसचाच लागतो, म्हणजे रात्री दीड वाजता आडगावात टायर फाटला तर मिळेल तो टायर चढवायची सोय गेली, आणि सगळीकडे चालणारा व्हीलसेट घेतला तो कशासाठी मग.

सध्या काही मोठ्या कंपन्या रोडच्या रिमला हुक ठेवतात आणि ग्रॅव्हलच्या रिमला काढतात. अ‍ॅल्युमिनियमच्या बऱ्याच रिमना हुक असतोच, आणि घाटात खड्ड्यात आपटून आउट आली, म्हणजे वाकडी झाली, तर सायकलवाला काढूनही देतो. घेताना रिमवरचा छोटा मजकूर वाचा, 622×21टीसी म्हणजे हुकवाली, शेवटी टीएसएस असेल तर हुकलेस. 21 ते 23 ची हुकवाली रिम 28 पासून 45 पर्यंतचे टायर आरामात घेते.