शेजारच्या टॉवरवर हरकत घ्यायची कुठे?

दादर, माटुंगा, शिवाजी पार्ककडे नवा टॉवर उभा राहू लागला की शेजारच्या इमारतींत कुरबुर सुरू होते. उंचीची सवय आता मुंबईला झाली आहे. जास्त खुपतो तो पोडियम. रस्त्यालगत पार्किंगचे चार-पाच मजले, त्यावर बाग आणि माणसं त्याच्याही वर. समोरच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून पूर्वी कुणाची तरी गॅलरी दिसायची, आता जाळी लावलेली भिंत दिसते.

या वस्त्यांची आखणी मुळात उजेडवाऱ्यासाठी झाली होती. १८९६च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये, इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर-माटुंग्याकडे रस्ते आखून प्लॉट भाडेपट्ट्याने दिले. इमारत किती उंच असावी, भोवती किती जागा मोकळी सोडावी, हे पट्ट्यातच लिहिलेलं असे. म्हणजे शेजाऱ्याच्या खिडकीची काळजी जमीनमालकानेच घेतली होती. शिवाजी पार्कचं मैदान १९२५ मध्ये खुलं झालं, १९२७ मध्ये त्याला महाराजांचं नाव मिळालं, आणि पुढच्या दोन दशकांत त्याभोवती गोलाकार गॅलऱ्यांच्या बुटक्या इमारती आल्या. त्या शैलीला आर्ट डेको म्हणतात, हे राहणाऱ्यांना बऱ्याच उशिरा कळलं.

मग १९४७चा भाडे नियंत्रण कायदा आला. भाडी १९४०च्या पातळीवर गोठली आणि मालकांनी डागडुजीतून अंग काढून घेतलं. १९६९च्या कायद्याने उपकर लावून दुरुस्ती सरकारी मंडळाकडे दिली, तेव्हा शहरात अशा १९,६४२ इमारती होत्या. दुरुस्तीने भागेना, म्हणून पुनर्विकास. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतलं ३३(७) हे कलम आज चाळीतल्या आजोबांनाही पाठ आहे. भाडेकरूला फुकट घर, बिल्डरला विक्रीसाठी जादा एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येईल तो आकडा. आता तो ३ किंवा त्याहूनही जास्त मिळतो.

प्लॉट मात्र तेवढाच राहिला. जुने भाडेकरू, विक्रीचे फ्लॅट आणि सगळ्यांच्या गाड्या त्याच जमिनीवर बसवायच्या. नियमाने लागणारं पार्किंग एफएसआयमध्ये मोजत नाहीत, म्हणून पोडियम फुगतो. बाजूची मोकळी जागा कमी पडली, तर प्रीमियम, म्हणजे जादा शुल्क, भरून पालिका आयुक्तांकडून सवलत घेता येते. लोक शिव्या घालतात आर्किटेक्टला; माझ्या मते निम्मं डिझाइन त्याच्याकडे कागद येण्याआधीच ठरलेलं असतं.

या सगळ्यात विचारलं जातं कुणाला? इमारतीतल्या भाडेकरूंना. त्यांची संमती पूर्वी ७० टक्के लागायची, आता ५१ टक्के पुरते. शेजाऱ्याचा रकानाच नाही. १९६६च्या नगररचना कायद्यात हरकती-सूचना आहेत, पण त्या अख्ख्या विकास आराखड्यावर. तिथे लोकांचं वजन पडतं: २०१५चा मसुदा हजारो हरकतींनंतर सरकारला नव्याने करायला लावावा लागला. एका इमारतीच्या नकाशावर मात्र सुनावणी होत नाही.

इमारत दिसते कशी, हे विचारणारी एकच वाट होती, वारसा नियमांची. मुंबईत ते १९९५ पासून आहेत. २०१२ मध्ये वारसा यादी वाढवण्याचा प्रस्ताव आला आणि त्यात शिवाजी पार्क परिसरही होता. सर्वांत मोठा विरोध तिथल्याच रहिवाशांनी केला, राजकीय पक्षही मागे उभे राहिले. त्यांचंही चूक म्हणवत नाही. लिफ्ट नाही, स्लॅबच्या सळया उघड्या पडलेल्या, आणि दर दुरुस्तीला वारसा समितीची परवानगी काढत बसायची? पण ती वाट अडली, तेव्हा शेजारच्या प्लॉटवरचा टॉवर रोखायची वाटही त्यासोबत अडली.

उरतं ते वॉर्ड ऑफिसला पत्र, माहिती अधिकारात नकाशाची प्रत, आणि पैसे जमले तर हायकोर्ट. नकाशा हातात येईपर्यंत समोर बहुधा जोत्याचं काम झालेलं असतं. आणि तो घेऊन परतणाऱ्या सेक्रेटरींच्या स्वतःच्या नोटीस बोर्डावर पुनर्विकासाच्या सभेची सूचना लागलेली असते.