मनगट ओळखणारी हत्यारं: कामाची किती, दिखाव्याची किती?

डीवॉल्टच्या 8 व्होल्टच्या जायरो स्क्रू ड्रायव्हरला नेहमीसारखा ट्रिगर नाही. मूठ आवळली की तळहाताखालचं पट्टीसारखं बटण दाबलं जातं. मग मनगट उजवीकडे वळवलं की स्क्रू आवळतो आणि डावीकडे वळवलं की सैल होतो. जितकं जास्त वळवाल तितका वेग जास्त, कमाल मिनिटाला 430 फेरे. ब्लॅक अँड डेकरनेही 2012 साली याच तत्त्वावरचा, घरगुती वापराचा स्क्रू ड्रायव्हर बाजारात आणला होता.

यामागचा संवेदक (सेन्सर) म्हणजे मोबाइलमध्ये असतो तसाच, वळणं ओळखणारा जायरोस्कोप. चिपच्या आत सिलिकॉनचा अगदी बारीक तुकडा सेकंदाला हजारो वेळा मागे-पुढे थरथरत असतो. हत्यार वळलं की हा तुकडा किंचित बाजूला ओढला जातो. याला कोरिओलिस परिणाम म्हणतात. विषुववृत्त ओलांडून आलेले वारे उजवीकडे वळतात आणि नैर्ऋत्येकडून कोकणावर येऊन धडकतात, तेही याच परिणामामुळे. तुकडा सरकला की शेजारच्या पट्टीपासूनचं त्याचं अंतर बदलतं, त्यामुळे विद्युत धारिता, म्हणजे दोघांमध्ये वीज साठवण्याची क्षमता, बदलते आणि त्यावरून हत्यार किती वेगाने वळतंय ते कळतं.

इथेच पहिली मेख आहे. संवेदक सांगतो तो वळण्याचा वेग, म्हणजे सेकंदाला किती अंश. मनगट एकूण किती वळलं हे आतल्या प्रोसेसरला बेरीज करत काढावं लागतं. संवेदक स्थिर असतानाही सेकंदाला अर्ध्या अंशाची चूक दाखवत असेल, तर 20 सेकंदांत 10 अंशांची खोटी बेरीज साचते. म्हणून दर वेळी बटण दाबलं की त्या क्षणाची स्थिती शून्य धरली जाते. एक स्क्रू बसायला चार-पाच सेकंद लागतात, तेवढ्यात चूक जाणवत नाही. पण मनगट आधीच वाकडं असताना बटण दाबलं, तर तीच वाकडी स्थिती शून्य ठरते. पुढे वळायला जागा उरत नाही आणि यंत्र रेंगाळतंय असं वाटतं. हेलकावणाऱ्या होडीत आडवा स्क्रू मारताना होडीचा हेलकावासुद्धा यंत्राला तुमचा हुकूम वाटू शकतो.

दुसरी अडचण जोराची. स्क्रू उजवीकडे फिरतो तेव्हा प्रतिक्रियेने हत्यार हातात डावीकडे वळायला बघतं. ते थोडं वळलं की संवेदकाला वाटतं, तुम्हीच वेग कमी करताय. त्यामुळे घट्ट लाकडात यंत्र मंदावतं आणि मनगट जोर लावून वळवून धरावं लागतं. दिवसाला दोनशे स्क्रू मारणाऱ्या सुताराचं मनगट संध्याकाळपर्यंत भरून येईल. ट्रिगरला फक्त एक बोट लागतं. सागवानात 4 × 40 मिमीचा स्क्रू बसवायचा तर सरळ ट्रिगरवाला ड्रिल घ्यावा, आधी 2.5 मिमीचं भोक पाडावं आणि मगच स्क्रू मारावा.

पण वायरमनच्या हातात हेच हत्यार खरोखर कामाचं आहे. स्विचबोर्डच्या प्लेटचे स्क्रू लांब असतात आणि आटे बारीक, हाताने फिरवायला वेळ जातो. मनगट सरळ ठेवून बटण दाबा, साधारण 10 अंश वळवा, स्क्रूने आटे धरलेत याची खात्री करा आणि मगच वेग वाढवा. प्लेट टेकायच्या आधी मनगट परत सरळ करा आणि शेवटचे दोन फेरे बटण सोडून हाताने द्या. जायरोला वळण कळतं, घट्टपणा कळत नाही. या शेवटच्या दोन फेऱ्यांत घाई केली की प्लास्टिकच्या प्लेटला तडा जातो. तसंच एमसीबीच्या (जास्त वीज वाहिली की आपोआप पडणाऱ्या स्विचच्या) टर्मिनलचा, म्हणजे वायर जोडायच्या जागेचा, स्क्रू किती घट्ट हवा ते बहुधा त्याच्या अंगावरच छापलेलं असतं. तिथे ठरवलेल्या घट्टपणापर्यंतच आवळणारा टॉर्क स्क्रू ड्रायव्हरच वापरावा, कारण सैल टर्मिनल तापतं आणि जळतं.

आमच्या मते या संवेदकाची खरी जागा मोठ्या ड्रिलमध्ये आहे, आणि दुकानात त्याबद्दल कुणी विचारत नाही. स्लॅबमध्ये भोक पाडताना बिट सळईत अडकला की बिट थांबतो आणि ड्रिलची बॉडी फिरू लागते. 60 न्यूटन-मीटर टॉर्कच्या, म्हणजे पिळण्याच्या जोराच्या, ड्रिलची मूठ अक्षापासून 15 सेमी अंतरावर असेल, तर ती रोखायला 400 न्यूटन, म्हणजे जवळजवळ 40 किलो वजनाइतका जोर लागतो. एका हाताने तो पेलत नाही. मनगट मुरगळतं, मोडतंही, आणि शिडीवर असाल तर माणूस खाली येतो. बॉडी सेकंदाला 500 अंशांच्या वेगाने फिरू लागली, तर आपल्याला कळून बोट सुटेपर्यंतच्या सुमारे 0.2 सेकंदांत ती 100 अंश फिरून जाते. जायरोला हे त्याच्या कितीतरी आधी कळतं आणि प्रोसेसर मोटरची वीज तोडतो. हिल्टीची एटीसी, बॉशची किकबॅक कंट्रोल, मिलवॉकीची ऑटोस्टॉप या सगळ्या सोयी याच कामासाठी आहेत.

रोटरी हॅमरमध्ये, म्हणजे ठोके देत काँक्रीटमध्ये भोक पाडणाऱ्या ड्रिलमध्ये, बिट अडकला की मोटरपासून सुटणारा यांत्रिक क्लच आधीपासून असतो, पण तो ठरावीक टॉर्कलाच सुटतो, आणि तो टॉर्क तुमच्या मनगटाच्या ताकदीपेक्षा जास्त असू शकतो. जायरो टॉर्क मोजत नाही, हत्यार हातातून निसटतंय का ते पाहतो. तरी त्यालाही मर्यादा आहे: बॉडी हळूहळू पिळली गेली तर वेग मर्यादेच्या आतच राहतो आणि मोटर चालूच राहते. म्हणून बाजूची मूठ लावायलाच हवी. ती अक्षापासून 25 सेमीवर असेल तर तोच जोर 24 किलोवर येतो, शिवाय दोन्ही हात कामाला लागतात.

धातू कापणाऱ्या, घासणाऱ्या काही ग्राइंडरमध्ये याचा भाऊबंद असतो, वेगातला बदल ओळखणारा त्वरणमापक. खाली पडणाऱ्या वस्तूत तो जवळजवळ शून्य दाखवतो. दीड मीटरवरून पडायला 0.55 सेकंद लागतात, तेवढा वेळ मोटर बंद करायला पुरतो. चकती मात्र लगेच थांबत नाही.

बिट अडकून ड्रिल असा मध्येच बंद पडला तर ट्रिगर पुन्हा दाबू नका, तो आधी पूर्ण सोडा. दिशा उलटी करा, दोन्ही हातांनी धरून हळू ट्रिगर देत बिट मागे घ्या, आणि भोकात चमकता धातू दिसतोय का ते बघा. सळई दिसली तर ती कापायची नाही, भोकाची जागा बदलायची. बिट मागेही येत नसेल तर बॅटरी काढा, बिट चकमधून सोडवा आणि पाना लावून हाताने उलटा फिरवून काढा.