चटई क्षेत्राच्या मापात बसवलेली कार्यालये

काही दिवस घरून, काही दिवस ऑफिसातून अशा कामाला साजेशी इमारत कशी असावी, ही चर्चा मुंबई-पुण्यात फर्निचरपासून सुरू होते आणि ‘चटई क्षेत्र’ या शब्दापाशी अडते. अडायचे कारण साधे आहे. या शब्दाने दोन माणसे दोन वेगळ्या गोष्टी सांगत असतात.

विकास नियमावलीत ‘चटई क्षेत्र निर्देशांक’ म्हणजे एफएसआय, भूखंडाच्या किती पट बांधता येईल त्याचे प्रमाण. त्यात भिंती आणि खांब धरलेले असतात. म्हणजे चटईशी त्याचा संबंध नावापुरताच. २०१६च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्यातले चटई क्षेत्र म्हणजे कार्पेट: बाहेरच्या भिंती, पाइप-केबलच्या उभ्या पोकळ्या, बाल्कनी आणि गच्ची वगळून, पण आतल्या भिंती धरून मोजलेली जागा. हा कायदा मुळात विक्रीसाठी. मोठी कार्यालये मात्र भाडेपट्ट्यावर जातात आणि तिथे तिसरेच माप चालते, ‘चार्जेबल एरिया’. लॉबी, लिफ्ट, जिने, स्वच्छतागृहे, एएचयू रूम (हवा थंड करून फिरवणाऱ्या यंत्रांची खोली) यांचा वाटा त्यात चढवलेला असतो. बाजारात याला ‘लोडिंग’ म्हणतात. प्लिंथ, कार्पेट आणि भाडेयोग्य क्षेत्र कसे मोजावे याचे भारतीय मानक आहे (क्रमांक ३८६१), तरी करारात ज्याचे त्याचे माप.

याचा फटका थेट आराखड्याला बसतो. समजा चार्जेबल एक लाख चौरस फूट आणि एफिशियन्सी, म्हणजे त्यातला कार्पेटचा वाटा, ७२ टक्के. हातात कार्पेट ७२,००० चौरस फूट. ‘माणशी १०० चौरस फूट’ हे सूत्र चार्जेबलवर लावले तर १,००० खुर्च्या, कार्पेटवर लावले तर ७२०. मधल्या २८० खुर्च्या कागदावरच असतात. त्या बसवायच्याच ठरवल्या की आधी मीटिंग रूम जातात, मग पँट्री, शेवटी टेबलाची रुंदी.

बॅलार्ड इस्टेटच्या उंच छताच्या, पंख्यावर चालणाऱ्या कचेऱ्या आणि १९७०च्या दशकातले नरिमन पॉइंटचे मनोरे या वादाच्या आधीचे. आजचा साचा १९९१च्या नियमावलीचा. तेव्हा मुंबई शहरात निर्देशांक १.३३, उपनगरांत १ होता. एवढ्या तोकड्या मापात जे निर्देशांकात धरले जात नाही ते जास्तीत जास्त बांधायचे, ही शर्यत त्यातूनच लागली: पोकळ्या, फ्लॉवर बेड, सर्व्हिस फ्लोअर (पाइप आणि यंत्रांचा मजला). २०१२ मध्ये यांतल्या बऱ्याच सवलती निर्देशांकात ओढल्या गेल्या आणि बदल्यात प्रीमियम (शुल्क) भरून ‘फंजिबल’, म्हणजे हवे तसे वापरता येणारे वाढीव, क्षेत्र मिळाले, निवासी बांधकामाला ३५ टक्के, व्यापारी आणि औद्योगिक बांधकामाला २०. हिशेब स्वच्छ झाला हे खरे. पण झरोका, व्हरांडा, दुहेरी उंचीची जागा, म्हणजे आज ‘भविष्यातले ऑफिस’ म्हणून ज्याची चित्रे दाखवतात ते सगळे, त्या दिवसापासून महाग झाले.

आयटी इमारतींना धोरणाने वाढीव निर्देशांक दिला आणि मजले पसरले. ८.४ मीटरचा खांबांचा ग्रिड आला, कारण त्यात खाली तीन गाड्या बसतात. मजला ते मजला ४ मीटर: तुळई-स्लॅब ६०० मिलिमीटर, वातानुकूलनाचा डक्ट ४५०, दिवे आणि फॉल्स सीलिंग १५०, केबलसाठी उचललेली फरशी १५०. उरले २.६५ मीटर. एवढ्या उंचीच्या खिडकीतून उजेड सहा मीटरच्या आसपास आत पोचतो आणि खिडकीपासून कोअरपर्यंतचे, म्हणजे मधल्या लिफ्ट-जिन्यांच्या गाभ्यापर्यंतचे, अंतर त्याच्या दुप्पट असते. ईसीबीसी या इमारतींच्या ऊर्जाबचत संहितेच्या २०१७च्या आवृत्तीने भिंतीतल्या काचेची मर्यादा ६० टक्क्यांवरून ४०वर आणली. त्याने उष्णता कमी होते, कोअरपर्यंतचे अंतर तेवढेच राहते.

२०२० नंतर खुर्च्या कमी आणि भेटीच्या जागा जास्त, असे सूत्र आले. इथे बहुतेक आराखडे हवेवर फसतात. ताज्या हवेचा प्रचलित हिशेब माणशी ५ सीएफएम (मिनिटाला घनफूट) अधिक चौरस फुटाला ०.०६. टेबले मांडलेल्या २५० चौरस फुटांत अडीच माणसे धरली तर साधारण २८ सीएफएम पुरते. तिथेच बारा जणांची मीटिंग रूम केली की ७५ लागते. डक्ट जुनाच राहतो आणि अर्ध्या तासात माणसे जांभया देऊ लागतात. फोन बूथचेही तसेच: त्याला स्वतःचे छत असते, त्यामुळे वरच्या स्प्रिंकलरचे पाणी आत पोचत नाही. चिलरची, म्हणजे वातानुकूलनाचे पाणी थंड करणाऱ्या यंत्राची, अडचण याच्या उलट आहे. ५०० टनांचा एकच सेंट्रिफ्यूगल चिलर शुक्रवारी, ऑफिस जवळपास रिकामे असताना, १५ टक्के भारावर सर्ज करतो, म्हणजे आतला प्रवाह उलटून यंत्र थरथरते. लहान-मोठे तीन घेतले असते तर हा प्रश्न आला नसता, पण प्लांट रूमची जागा आधीच ठरलेली असते.

एसईझेड (विशेष आर्थिक क्षेत्र) इमारतींची गाठ आणखी वेगळी. जुलै २०२२ मध्ये नियम ४३अ आणून घरून कामाला मर्यादित परवानगी मिळाली, पण तोवर कर-सवलत संपल्याने नवे भाडेकरू येईनासे झाले होते. डिसेंबर २०२३ मध्ये नियम ११ब आला आणि इमारतीचा काही भाग एसईझेडमधून बाहेर काढायची मुभा मिळाली. अट अशी की पूर्ण मजलाच काढायचा, अर्धा नाही. घेतलेल्या कर-सवलती परत करायच्या, त्यात सामाईक सुविधांचाही हिस्सा. आणि ये-जा करणाऱ्यांवर नियंत्रण ठेवायचे. एकाच कोअरमध्ये आठ लिफ्ट, एकच चिलर प्लांट, एकच लॉबी असलेल्या इमारतीत हे ‘मजलानिहाय’ वेगळेपण प्रवेशद्वारांच्या कार्ड रीडरवर आणि दोन रंगांच्या पासांवर भागवले जाते. सामाईक जागेचा हिस्सा काढायचा तर पुन्हा प्रश्न तोच: कुठल्या मापाने?