घटीचा रकाना

दिवाळीनंतर गिरणीच्या गोदामात आलेली 170 किलोची गाठ मे महिन्यात पुन्हा काट्यावर चढवली तर ती 170 भरेलच असं नाही. कोणी चोरलेलं नसतं, उंदरांनी पोखरलेलं नसतं. कापूस दमट हवेतलं पाणी पितो आणि कोरड्या हवेत ते सोडतो, एवढंच. व्यापारात धरलेला प्रमाण ओलावा साडेआठ टक्के, म्हणजे पूर्ण कोरड्या शंभर किलो रुईमागे (सरकी काढलेल्या कापसामागे) साडेआठ किलो पाणी. या हिशेबाने 170 किलोच्या गाठीत कोरडी रुई असते साधारण 156.7 किलो. जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 वर गेला आणि ओलावा साडेसहावर उतरला, की तीच गाठ 167 च्या आसपास भरते. शंभर गाठींमागे तीनशे किलो, म्हणजे जवळजवळ दोन गाठी हवेत. दाबून बांधलेली गाठ आतून सावकाश सुकते हे खरं, पण ब्लोरूमपुढे (कापूस मोकळा करून झाडणाऱ्या पहिल्या खात्यापुढे) पट्ट्या तोडून मोकळ्या केलेल्या गाठींना तेवढा वेळ लागत नाही.

किराणा दुकानात साबणाच्या वड्या मोजाव्यात तसा गिरणीचा साठा मोजता येत नाही. इथे माल पडल्या पडल्या वजन बदलतो, आणि कामाला लागला की रूप आणि नावही बदलतो. कपाशीचा व्यापार खान्देशात आला तेव्हापासून हिशेबवहीत ‘घट’ नावाचा रकाना आहे. आज संगणकाच्या पडद्यावर तोच रकाना वेगळ्या नावाने दिसतो.

पाण्याला वजन असतं हे आपल्याकडे फार लवकर कळलं होतं. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकी कापूस तुटला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात खान्देशातून आगगाडीची लाइन गेली. बैलगाड्यांच्या तांड्यांनी घाट उतरणारा कापूस आता भुसावळ, जळगाव, चाळीसगावहून थेट मुंबईला जाऊ लागला. भाव चढला तशी हुशारीही चढली. गाठीत सरकी, माती, जुना काळवंडलेला कापूस घालायचा, नाहीतर सरळ पाणी शिंपडायचं. याविरुद्ध मुंबई सरकारने 1863 साली कॉटन फ्रॉड्स ॲक्ट आणला, तपासनीस नेमले. व्यापाऱ्यांना तो कधीच रुचला नाही आणि पुढच्या दोनेक दशकांत तो गुंडाळलाही गेला. पण आजही गिरणीचा माणूस माल ‘पास’ करताना ओलावा आणि कचरा हे दोन आकडे आधी बघतो, त्यामागचा संशय त्या काळापासूनचा आहे.

जळगावची खान्देश मिल 1870 च्या दशकात उभी राहिली. मूळजी जेठा हे तिच्याशी जोडलेलं नाव आता लोकांना कॉलेजमुळे जास्त माहीत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रताप शेठांनी अमळनेरला प्रताप मिल काढली, मग धुळे आणि चाळीसगावलाही भोंगे वाजू लागले. या गिरण्यांचा साठा मुनिमांच्या वह्यांत असे. रुईचं आवक-जावक वेगळं, सुताचं वेगळं, कापडाचं वेगळं आणि स्टोअरचं वेगळं. तळाला शिल्लक, आणि शिल्लक जुळेना की मध्ये ‘घट’.

त्या वह्यांची मापं मात्र आजही सुटलेली नाहीत. मुंबईच्या बाजारात गाठ 392 पौंडांची असे आणि दोन गाठी मिळून 784 पौंडांची एक खंडी होई. दशमान पद्धत आली, गाठ 170 किलोची झाली, पण रुईचा भाव अजून खंडीतच बोलला जातो. खंडी म्हणजे 355.6 किलो, बाजाराच्या तोंडी 356. शेतकऱ्याचा कपाशीचा भाव क्विंटलमध्ये. सुताचा काउंट तर थेट इंग्रजी: एक पौंड सुतात 840 यार्डांच्या किती लडी बसतात तो आकडा. पॅकिंगला या, तिथेही तेच. 1.89 किलोचे 24 कोन (शंकूच्या आकारात गुंडाळलेलं सूत) एका पेटीत भरले की वजन होतं 45.36 किलो, म्हणजे बरोबर शंभर पौंड. इंग्रज गेला, पौंड खोक्यात बसून राहिला. गिरणीसाठी सॉफ्टवेअर लिहायला बसलेल्या मुलांना पहिला आठवडा या रूपांतरांतच घालवावा लागतो. त्यांना हसू येतं, मुनिमाला येत नाही.

साठ्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं वळण माझ्या मते 1925 सालचं आहे, आणि त्याची फारशी कोणी आठवण काढत नाही. त्या वर्षीच्या कॉटन जिनिंग अँड प्रेसिंग फॅक्टरीज ॲक्टने प्रेसवाल्यांवर दोन बंधनं घातली. रोज किती आणि कोणासाठी गाठी बांधल्या याचं रजिस्टर ठेवायचं, आणि प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण व अनुक्रमांक टाकायचा. तोपर्यंत गाठ ही ढिगातली एक होती. आता तिला नंबर मिळाला, ती कुठून आली हे विचारता येऊ लागलं. किनतानावर शाईने उमटवलेला तो नंबर पावसात पुसट होई, हमालाच्या आकड्याने फाटे, तरी नोंदीचा पाया तोच. आज गाठीवर क्यूआर कोड लावायची भाषा होते तेव्हा जुनाच नंबर नव्या कपड्यात येतो आहे.

स्वातंत्र्यानंतरचा काळ दोन अंगांनी बघावा लागतो. जुन्या गिरण्या थकत गेल्या. धुळे आणि चाळीसगावच्या गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या. दुसरीकडे शेतकऱ्यांच्या सहकारी सूतगिरण्या आल्या, धुळ्याजवळ मोराण्याला, शिरपूरला, शहाद्याला. राज्याने 1971 साली कायदा करून कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली, तेव्हा कपाशीची गाडी संकलन केंद्रावर आणि गाठी पणन महासंघाच्या नावावर, अशी वाटणी झाली. शेतकरी गिरणीचा सभासद, पण त्याचा कापूस त्याच्या गिरणीत थेट येऊ शकत नाही, असा विचित्र मामला बरीच वर्षं चालला.

गिरण्यांच्या आत दरम्यान एक शांत बदल होत होता. अहमदाबादची अटिरा 1947 ची, मुंबईची बिट्रा 1954 ची, कोइमतूरची सिट्रा 1956 ची. या संशोधन संस्थांनी खात्यागणिक किती टाकाऊ निघणं रास्त आहे याचे मापदंड घालून दिले. तोवर शंभर किलो रुईतून पंच्याऐंशी किलो सूत निघालं तर उरलेले पंधरा किलो ‘घट’ म्हणून एका ओळीत जात. आता त्या पंधराची नावं लिहावी लागली. ब्लोरूमची ड्रॉपिंग, कार्डिंगची फ्लॅट स्ट्रिप, कोंबरचं नॉइल (विंचरून निघालेले आखूड तंतू), रिंग फ्रेमचं न्यूमाफिल (धागा तुटल्यावर शोषून घेतलेला कापूस), तुटलेल्या सुताचं हार्ड वेस्ट, झाडलोट. यांतलं न्यूमाफिल परत मिक्सिंगमध्ये, म्हणजे कापसाच्या मिश्रणात, जातं, नॉइलला चांगलं गिऱ्हाईक असतं, झाडलोट कवडीमोलाने जाते. म्हणजे टाकाऊ हासुद्धा साठाच, आणि त्यातला काही भाग मागच्या दाराने पुन्हा कच्चा माल होतो. एवढं करून जे उरतं, ती अदृश्य घट: उडालेली धूळ आणि सुकलेलं पाणी. ती ठरल्यापेक्षा फुगली की सुपरवायझरला बोलावणं येई. “इतला माल कोठे गया?” या अहिराणी प्रश्नाला प्रत्येक गिरणीत एक ठरलेलं उत्तर असे: हवा कोरडी आहे साहेब.

आणि बऱ्याचदा ते खरंही असे.

स्टोअरचं प्रकरण वेगळं. रॅकच्या प्रत्येक खणाला दोऱ्याने बांधलेलं बिन कार्ड, खात्याकडून इंडेंट, स्टोअरकीपरची सही. एप्रन, कॉट, बेअरिंग, टेप असे मशीनचे सुटे भाग. सगळ्यांत फसवी वस्तू म्हणजे ट्रॅव्हलर, नखाएवढी पोलादी कडी. प्रत्येक चातीला, म्हणजे सूत गुंडाळणाऱ्या फिरत्या दांडीला, एक. 25,200 चात्यांच्या गिरणीत सगळ्या एकदम बदलायच्या तर 25,200 नग लागतात, तेही काउंटप्रमाणे वेगवेगळ्या नंबरचे. सूत बदललं आणि त्या नंबरचा ट्रॅव्हलर स्टोअरमध्ये नसला, तर कोट्यवधींची मशिनरी काही रुपयांच्या डबीसाठी खोळंबते. कार्डावर शिल्लक असते, डबीत नसते.

संगणकाची गोष्ट सांगताना अमळनेर टाळता येत नाही. 1945 साली तिथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी निघाली. तीच पुढे विप्रो झाली आणि जगभराला सॉफ्टवेअर विकू लागली. त्याच गावात प्रताप मिलच्या वह्या मात्र शाईने लिहिल्या जात होत्या. यातून काही सिद्ध होत नाही, पण खान्देशी माणूस हे सांगितल्याशिवाय राहत नाही.

गिरण्यांत संगणक साधारण 1990 च्या आगेमागे शिरला, तो आधी पगारपत्रकासाठी आणि हिशेबासाठी. मग फॉक्सप्रोमध्ये लिहिलेली छोटी स्टॉक पॅकेजं आली, एखादा प्रोग्रामर महिनाभर गेस्ट हाऊसवर राहून लिहून देई. तो नोकरी सोडून गेला की पॅकेज अनाथ. एक्साइजच्या रजिस्टरांनी नोंदीची शिस्त लावली हे कबूल करायला हवं. रोजचं उत्पादन रोज लिहिणं भाग पडलं. तयार हिशेबी सॉफ्टवेअर घेऊनही काहींनी काम चालवून पाहिलं. वही ठीक चाले, गिरणी चालत नसे. कारण त्या सॉफ्टवेअरला एक माल आत, तोच माल बाहेर एवढंच कळे. रुई आत आणि सूत, नॉइल, ड्रॉपिंग, पाणी बाहेर, हे त्याच्या डोक्यात बसत नव्हतं.

गिरणीसाठीच वेगळं सॉफ्टवेअर लागलं ते या अडचणीतून, आणि त्याला आणखी दोन कारणं होती. पहिलं लॉटचं, म्हणजे एकाच मिक्सिंगमधून निघालेल्या सुताच्या खेपेचं. एकाच काउंटचं, एकाच दिवशी पॅक केलेलं सूत, पण दोन वेगळ्या मिक्सिंगमधलं, मागावर एकत्र चढलं तर रंगाईनंतर कापडावर पट्टे उमटतात. माल परत येतो, वर नुकसानभरपाई. म्हणून कोनच्या टोकांना रंग देऊन लॉट ओळखायची पद्धत आली. पण गोदामात रात्रपाळीत पेट्या इकडच्या तिकडे व्हायला कितीसा वेळ लागतो? पेटीला बारकोड आणि बारकोडमागे काउंट, लॉट, मिक्सिंग, पाळी अशी साखळी जोडणं हे या सॉफ्टवेअरचं खरं काम. लडीच्या बंधनाचा हिशेबही त्यातच आला. हातमागांसाठी देशी बाजारातल्या सुताचा ठरावीक हिस्सा लडीत बांधावा लागे. 2003 पासून तो 40 टक्के आणि 2019 पासून 30 टक्के झाला.

दुसरं कारण शेतातलं. पूर्वी गाठ जातीच्या नावाने ओळखली जाई आणि मुकादम हाताने तंतू ओढून लांबी सांगत असे. 1970 साली सुरतेच्या संशोधन केंद्रातून एच-4 हे पहिलं संकरित वाण आलं, 2002 मध्ये बीटीला परवानगी मिळाली आणि मग बियाण्यांच्या नावांचा इतका बाजार झाला की जिनिंगच्या ओट्यावर कोणतं वाण पडलं आहे हे कोणालाच सांगता येईना. नाव निरुपयोगी ठरल्यावर उरतं मोजमाप. एचव्हीआय यंत्र गाठीच्या नमुन्याची लांबी, ताकद, मायक्रोनेअर (तंतूच्या बारीकपणाचा आकडा) काढून देतं. अमेरिकेत 1980 च्या दशकातच या आकड्यांवरून गाठी निवडणारे प्रोग्राम तयार झाले होते. आपल्याकडे ते उशिरा आले. आता ब्लोरूमपुढे गाठींची रांग लावताना आजच्या रांगेचा सरासरी मायक्रोनेअर कालच्याशी जुळतो का, हे पडद्यावर बघून ठरतं. म्हणजे गोदामात ‘पाचशे गाठी शिल्लक’ ही नोंद पुरत नाही. कोणत्या पाचशे, कशा प्रतीच्या, आणि तशाच आणखी कधी मिळणार, हे लागतं.

मिळण्याचं गणित आमच्याकडे हंगामाशी बांधलेलं. कपाशी ऑक्टोबरला सुरू होते, मार्चपर्यंत चांगला माल संपत येतो, गिरणी मात्र बारा महिने चालायची. क्विंटलभर कपाशीतून सुमारे 34 किलो रुई निघते, म्हणजे एका गाठीला पाच क्विंटल. हंगामात गाठी भरून ठेवल्या तर बँकेचं व्याज, नाही भरल्या तर पावसाळ्यात चढा भाव. बँक दरमहा साठ्याचं पत्रक मागते आणि त्यावर उचल ठरवते. स्पष्टच बोलायचं तर बऱ्याच गिरण्यांनी सॉफ्टवेअर घेतलं ते मॅनेजरच्या आग्रहाने कमी आणि बँकेच्या तगाद्याने जास्त. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, पुढच्या वर्षी ई-वे बिल आलं, आणि ज्यांनी तोवर चालढकल केली होती त्यांचाही नाइलाज झाला. गाडी गेटबाहेर पडायची तर आकडा संगणकात हवा.

2020 साली भारतीय कापसाला ‘कस्तुरी’ हे नाव देण्यात आलं आणि पुढे गाठीच्या क्यूआर कोडवरून तिचा माग काढायची व्यवस्था बांधली जाऊ लागली. 1925 च्या नंबरला आता शेजारी मायक्रोनेअर, जिनिंगचं नाव आणि तारीख चिकटलेली असते.

तरी घटीचा रकाना गेलेला नाही. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये गाठीचं काट्यावरचं वजन आणि साडेआठ टक्क्यांवर आणलेलं वजन अशा दोन नोंदी असतात. ज्यांच्यात नसतात त्यांच्याकडे उन्हाळ्यात चोरीचा संशय आणि पावसाळ्यात चमत्कार होतो. पॅकिंगआधी सुताला वाफ देऊन ओलावा भरून काढतात, त्यामुळे उलटी घटही दिसते. टाकाऊची पोती पाळी संपताना अंदाजाने मांडली जातात, एखादं पोतं पुढच्या पाळीच्या नावावर जातं. आणि 31 मार्चला, सगळे बारकोड वाचून झाल्यावर, मशीनवर चढलेला माल मोजायचा राहतो. तेव्हा वही घेऊन खात्यातून फिरावं लागतं: ड्रॉ फ्रेमचे कॅन इतके, सिम्प्लेक्सचे बॉबिन तितके, चात्या एवढ्या, आणि प्रत्येक बॉबिन अर्धं भरलं आहे असं धरून गुणाकार.