घोड्यांचा डॉक्टर व्हायचंय? कोल्हापुरातून पशुवैद्यक पदवीचा अर्ज भरताना

घोड्यावर डॉक्टर म्हणून उपचार करायचे तर बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही पदवी आणि त्यानंतर पशुवैद्यक परिषदेची नोंदणी लागते. पुढे रेसकोर्सवर जा, स्टड फार्मवर जा की लष्करात, यातून सुटका नाही. अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. गाय, म्हैस, कुत्रा, कोंबडी सगळं शिकावं लागतं आणि घोडा त्यातला एक भाग असतो, हे आधीच ठाऊक असलेलं बरं.

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवंच. खुल्या प्रवर्गाला या चारही विषयांत मिळून ५० टक्के लागतात, आरक्षित प्रवर्गांना सवलत आहे. इंग्रजी हलक्यात घेणारे इथेच अडकतात. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षं पूर्ण हवीत, आणि ‘नीट’ ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावीच लागते.

नीटचा निकाल लागला की खरी धावपळ सुरू होते. एमबीबीएससाठी नोंदणी केली म्हणजे पशुवैद्यकसाठीही झाली, असं होत नाही. त्यासाठी नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा, म्हणजे माफसूचा, स्वतंत्र ऑनलाइन अर्ज असतो. १५ टक्के अखिल भारतीय जागांची प्रक्रिया भारतीय पशुवैद्यक परिषद राबवते. तो अर्ज आणखी वेगळा. तिथे ओबीसी आणि ईडब्ल्यूएसचे (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे) दाखले केंद्राच्या नमुन्यातले लागतात आणि राज्याचा एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गाचा) दाखला चालत नाही. बारावी निपाणी-बेळगावकडे केली असेल, तर माफसूच्या माहितीपुस्तिकेतला अधिवासाचा नियम शब्दन् शब्द वाचूनच फॉर्म भरा.

कागदपत्रं अशी: नीटचं गुणपत्रक, दहावी-बारावीची गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला, वय-अधिवास-राष्ट्रीयत्वाचा दाखला, आधार, मध्ये वर्ष गेलं असेल तर त्याचं शपथपत्र. नॉन-क्रिमीलेअर दाखला पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध आहे ना, हे तारीख पाहून तपासा. दहावीच्या गुणपत्रकावरचं नाव आणि बाकी कागदांवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो जात वैधता प्रमाणपत्राचा. त्यासाठी अकरावीतच कॉलेजमार्फत कोल्हापूरच्या जिल्हा पडताळणी समितीकडे अर्ज करा. सोबत वंशावळीचं नमुना ३ आणि नमुना १७ ही शपथपत्रं लागतात. पुरावा अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा हवा. आपल्याकडे संस्थानकाळातल्या बऱ्याच नोंदी मोडी लिपीत आहेत. तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, सापडलं तरी त्याचं प्रमाणित देवनागरी लिप्यंतर करून घ्यावं लागतं. आजोबा-पणजोबांच्या नावाचा दुवा वंशावळीत तुटला, तर फाइल त्रुटीत निघते आणि तोवर प्रवेशफेऱ्या संपतात.

महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरताना सातारा जिल्ह्यातलं शिरवळ जवळचं म्हणून बहुतेक कोल्हापूरकर ते आधी टाकतात. घोड्यांचंच काम करायचं असेल तर मुंबई वर ठेवावं, असं आमचं मत. महालक्ष्मी रेसकोर्स त्याच शहरात आहे. शिवाय इंटर्नशिपमध्ये घोड्यांच्या केसेस मागून घ्या. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटशूळ उठला की नाकातून नळी घालून पोटातला दाब उतरवावा लागतो. उशीर झाला तर पोट फुटू शकतं. हे पुस्तकातून येत नाही, हातालाच शिकवावं लागतं.

पदवीनंतर महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी करा. त्याशिवाय व्यवसाय करता येत नाही. लष्कराच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरमध्ये, म्हणजे प्राण्यांची देखभाल करणाऱ्या शाखेत, २१ ते ३२ वयातल्या पदवीधरांना कॅप्टन हुद्द्यावर शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे ठरावीक मुदतीची अधिकारी नेमणूक, मिळतं. आधी पाच वर्षं, पुढे पाच वाढवता येतात. निवड एसएसबी (सेवा निवड मंडळ) मुलाखत आणि वैद्यकीय तपासणीतून होते.

नीटमध्ये नंबर लागला नाही तरी जीवशास्त्र वाया जात नाही. कोल्हापूरच्या सैन्य भरती कार्यालयातून सैनिक तांत्रिक नर्सिंग असिस्टंट या पदाची भरती होते आणि पशुवैद्यकीय नर्सिंग असिस्टंटही त्याच गटात येतो. त्याला हेच चार विषय, एकूण ५० टक्के आणि प्रत्येकात किमान ४० टक्के लागतात. आधी ऑनलाइन परीक्षा, मग मैदानी चाचणी. तेव्हा अभ्यासासोबत १.६ किलोमीटर धावण्याचा सराव आधीपासून ठेवा.